टेंट ठोका, पण रस्सा पातळ होऊ देऊ नका

कोल्हापूरच्या माणसाला उघड्यावर जेवायला कुणी शिकवायची गरज नाही. रस्सा मंडळ आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. कुणाच्या तरी मळ्यात विहिरीजवळ तीन दगड मांडायचे, एकानं चुलीपुढं बसायचं, दोघांनी कांदा चिरायचा आणि उरलेल्या बारा जणांनी मीठ किती घालायचं ते सांगायचं. रात्री अकराला सगळे आपापल्या गादीवर. या कार्यक्रमातून गादी काढून घेतली आणि माणशी १५०० रुपये लावले की त्याला कॅम्पिंग म्हणतात.

तुम्हीही जाणार असाल, तर चार गोष्टी ऐकून घ्या. मी दोनदा जाऊन आलोय, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं तज्ज्ञच.

आधी व्हॉट्सॲप ग्रुप काढा. पंधरा दिवस त्यावर फक्त मटण किती किलो आणायचं याची चर्चा होऊ द्या. कुठं जायचं हे शेवटच्या संध्याकाळी ठरवायचं असतं, आणि ते पन्हाळाच ठरतं. वीसेक किलोमीटर, वाघबिळाचा घाट चढला की आलं. पन्हाळ्यावर १६६० सालच्या जुलैमधली ती रात्र सांगितलीच पाहिजे. सिद्दी जौहरचा वेढा, कोसळणारा पाऊस, चिखल, विशाळगडाची वाट, बाजीप्रभूंनी अडवून धरलेली खिंड. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे. मात्र सांगता सांगता भुरभुर सुरू झाली, तर पुढची गोष्ट गाडीत काचा वर करून सांगा. सर्दी होते.

सामानात कंजुषी नको. रानात शांतता फार, ती अंगावर येते, म्हणून स्पीकर मोठा घ्या. अंधारही गरजेपेक्षा जास्त असतो, त्यावर हॅलोजन. खुर्च्या, सिलिंडर, आणि वाटणाचा मिक्सर फिरवायला इन्व्हर्टर. निघताना शेजाऱ्यानं "घर सोडलंसा काय?" असं विचारलं की सामान पुरेसं झालं म्हणून समजा.

मीठ मात्र एकच पुडी घ्या. आंबा घाटाच्या रानात आम्ही तेच केलं. पावसाळ्यात तिथं जळवा लागतात. लागलेली कळत नाही, आणि रक्त गोठू न देणारं औषध तिच्या तोंडातच असल्यामुळं ती गळून पडली तरी मोजा लाल होतच राहतो. मीठ टाकलं की सुटते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्यातल्या एकानं पँट वर केली तेव्हा पिंडरीवर पाच होत्या आणि तिकडं चुलीवर तांबडा उकळत होता. पुडी हातात घेऊन सगळे गप्प झाले. मग मतदान घेतलं. जळवा राहू देत, असं बहुमतानं ठरलं. विरोधात एकच मत पडलं, तेही पाय ज्याचा त्याचं. रस्सा झकास झाला होता.

मेअखेरीस राधानगरीकडं काजवे बघायला जा. हे सहज चमकत नसतात. नर लुकलुकून खूण करतो, मादी पसंत असेल तर उत्तर देते, प्रत्येक जातीची लय निराळी. थोडक्यात, झाडाझाडावर बघण्याचा कार्यक्रम चाललेला असतो. अशा शुभकार्यात आपण हेडलाइट अप्परला टाकून शिरायचं. उजेड पडला की मंडळी विझतात. मग ती कुठं गेली हे मोबाइलच्या बॅटरीनं फांदी फांदी शोधायचं आणि "काय नाय राव, नुसती हवा केलीया" म्हणत परत फिरायचं.

तसंच पुढं गेलं की दाजीपूर. एके काळी कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव रान. १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. पूर्ण वाढलेला गवा हजार किलोपर्यंत भरतो आणि त्याचे चारी पाय गुडघ्याखाली पांढरे असतात, शाळेत निघालेल्या पोरानं पायमोजे चढवावेत तसे. त्याला बायसन म्हणा. गवा म्हटलं की गावठी वाटतं. खरे बायसन अमेरिकेत आणि युरोपात असतात, पण ते काही तक्रार घेऊन इथवर येत नाहीत. गवा दिसला की गाडीतून उतरा आणि त्याच्याकडं पाठ करून सेल्फी घ्या. तो लाजाळू आहे, सहसा आपण होऊन निघून जातो. या "सहसा"वर हजार किलोचा भरवसा टाकण्यात जी मजा आहे, ती घरात बसून नाही.

अभयारण्यात वाटेल तिथं टेंट ठोकता येत नाही, परवानगी लागते, आणि पावसाळ्यात तर गेटच बंद. अशा वेळी गेटवरच्या माणसाला फक्त "आम्ही कोल्हापूरचं" एवढं सांगायचं. तोही कोल्हापूरचाच असतो, त्यामुळं उपयोग होत नाही.

आता टेंट. तो घरी उघडून बघू नका. काठ्या किती कमी आहेत हे अंधारातच कळलेलं बरं. चार माणसांचा टेंट म्हणजे चौघं एका कुशीवर, आणि एकानं कूस बदलली की बाकीच्यांनी बदलायची. जाळीची खिडकी घट्ट लावून घ्या. चौघांच्या श्वासाची वाफ गार कापडाला लागून पहाटे नाकावर टपकायला लागते, मग टेंट गळका दिला म्हणून दुकानदाराशी भांडता येतं. गारठा फारच वाढला तर चुलीतले निखारे घमेल्यात भरून आत घ्या आणि झिप लावा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. सकाळी लवकर उठायची कटकट कायमची मिटते.

जागा निवडणं ही कला आहे आणि ती मी मसाई पठारावर शिकलो. आखाडातले दिवस. पठारावर बोटभर उंचीची दवबिंदू, सीतेची आसवं अशी किडे खाणारी रोपं उगवतात. ती बघायला वाकावं लागतं, म्हणून आम्ही त्यांच्यावर गाडी लावली. खाली सगळा जांभा. खुंटी दोन बोटं आत गेली आणि उरलेली वाकली. जाणती माणसं अशा ठिकाणी दोरीला धोंडे बांधतात. आम्ही खुंटीला शिव्या घातल्या.

शेवटी एक जागा सापडली. मऊ, सखल, दोन्ही बाजूंना उंचवटा, वारा अजिबात नाही. खुंट्या अंगठ्यानं दाबल्या तरी आत. अख्ख्या पठारावर एवढी झकास जागा मोकळी कशी, असा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नाही. मेंढरं घेऊन निघालेला एक म्हातारा धनगर थांबला. घोंगड्याच्या खोळीतून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पावणं, वड्यात झोपायलायसा?"

आम्ही हसलो. टेंटच्या पिशवीवर वॉटरप्रूफ, ३००० मिलिमीटर असं छापलेलं होतं. ते वरून येणाऱ्या पाण्याबद्दल होतं, हे रात्री दोनला कळलं. आमचं खालून आलं. आधी चपला गेल्या, मग भडंगाची पिशवी, मग पांढऱ्या रश्श्याचं पातेलं झाकणासकट निघालं, अगदी शांतपणे, जणू त्याला कुठं जायचंय ते ठाऊक होतं. बॅटरीच्या उजेडात वर बघितलं, तर म्हातारा उंचवट्यावर दगडाला टेकून बसलेला. खोळीला झिप नाही, खिडकी नाही. कोरडा ठणठणीत.

पहाटे पाचला आम्ही गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर होतो. म्हशी उभ्या, धारा चाललेल्या, पेल्यावर बोटभर फेस. कुडकुडत दोन-दोन पेले मारल्यावर आठवलं की रात्रीत एकही फोटो निघाला नाही. कॅम्पिंगला जाऊन फोटो नाही म्हणजे गेलोच नाही. मग कडेच्या एका म्हशीचा अंधारातच काढला, नुसती शिंगं आणि डोळे येतील असा, आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "बायसन. फक्त १० फुटांवरून. नाद खुळा अनुभव!"

भराभर अंगठे आले. काकीचं माहेर राधानगरीकडचं. तिनं जरा वेळानं लिहिलं, "गव्याचं पाय पांढरं असत्यात. ही गंगावेशीतली म्हस हाय. तिथं हाईसच तर येताना लिटरभर घेऊन ये."