गोळ्यांनी किडनी जाते म्हणे, आणि गोळ्या बंद केल्यावर?

गणपतीला चाकरमानी आले तसा वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज पण आला, "एचआयव्हीच्या गोळ्या किडनी-लिव्हर खातात, दहा वर्षांच्या वर कोणी जगत नाय, सीडीफोर वाढला की बंद करा नि काढा घ्या." सीडीफोर म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, एचआयव्हीने तो उतरतो. मेसेजखाली अठरा अंगठे. माझे काका रत्नागिरीकडे लाँचवर तांडेल आहेत, 2008 पासून एचआयव्हीच्या गोळ्यांवर. तेच म्हणाले लिही, फक्त गाव नको लिहू.

"अंग सुकतं" असंही होतं त्या मेसेजमध्ये, आणि ते अगदीच खोटं नाय. काकांना आधी स्टॅव्हुडिन होती, गाल बसले, तळव्यांची एवढी आग व्हायची की लाँचवर उभं राहवेना. पण ते औषध टप्प्याटप्प्याने बंद करा असं डब्ल्यूएचओने 2009 लाच सांगितलं, आता सरकारी सेंटरात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्रॅविर मिळून रोज एकच गोळी असते. तेव्हाच्या औषधाचा राग आजच्या गोळीवर कशाला?

आता किडनी. टेनोफोविरचा काही जणांना त्रास होतो, हाडं पण जरा विरळ होतात, डोल्युटेग्रॅविरने काहींचं वजन वाढतं (काकी म्हणते ते माशाच्या कढीने), म्हणून तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासतात नि गरज पडली तर गोळी बदलतात. पण मेसेजमधला सल्ला लोकांवर करून बघितलाय आधीच. स्मार्ट नावाची ट्रायल होती, साडेपाच हजाराच्या आसपास माणसं, त्यातल्या निम्म्यांना सांगितलं सीडीफोर 350 च्या वर गेला की औषध बंद, 250 च्या खाली गेला की परत चालू. 2006 मध्ये तो प्रकार मधेच थांबवावा लागला, कारण बंद करणाऱ्यांत मृत्यू तर जास्त झालेच, वर हार्ट, किडनी नि लिव्हरचे मोठे आजार पण त्यांनाच जास्त! ज्या किडनीसाठी गोळी सोडायची तीच जास्त गेली.

दहा वर्षांचं म्हणाल तर काकांचं काय? युरोप-अमेरिकेत 2008 नंतर विशीत औषध सुरू केलेल्या नि पहिल्या वर्षात नीट गुण आलेल्या लोकांचं अपेक्षित आयुष्य साधारण 78 निघालं. आपल्याकडे माणूस टीबीने खंगल्यावर सेंटरला येतो, तिथे घोळ आहे. पूर्वी सीडीफोर उतरायची वाट बघायचे, 2017 पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच औषध सुरू करतात.

काढ्याने व्हायरस जात नाय, एवढंच.

मी ग्रुपवर "हे खोटं आहे" टाकलं तर अंगठेवाल्यांतल्याच एकाचा पर्सनलवर मेसेज, "दोन महिने झाले बंद करून, परत देतात काय?"

देतात. सकाळीच जा, कार्ड ने, किती दिवस बंद होत्या ते खरं सांग. ओरडतील थोडं.