कवायत म्हणून हिणवू नका

शाळेचा बँड म्हणजे नुसती कवायत, त्यातून पुढे वाजवणारे तयार होत नाहीत, असं लेखात म्हटलंय. अर्धंच पटलं. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट सोडले तर ड्रम कपाटात, हे खरंय. पण मी दादरच्या शाळेत साइड ड्रमवर होतो. पट्ट्याला अडकवलेला ड्रम तिरका लटकतो, म्हणून डावी काठी तळहात वर करून अंगठ्याच्या बेचक्यात धरायची. सरांनी सुरुवातीला ड्रमला हातच लावू दिला नाही. बाकाच्या फळीवर उजवा-उजवा, डावा-डावा, आधी सावकाश, मग वाढवत न्यायचं. त्याचाच पुढे रोल, म्हणजे सलग घुमणारा आवाज होतो. ड्रमच्या खालच्या तारा सैल राहिल्या की आवाज फाटतो, तेही तिथेच कळलं.

नोकरीला लागल्यावर गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेसाठी पथकात ताशा गळ्यात घेतला. काड्या बारीक, पकड वेगळी, उसळी वेगळी. पण डावा हात तयार होता, त्यामुळे तर्री, म्हणजे ताशावरचा रोल, लवकर बसली. (ढोलवाले मित्र हे मान्य करणार नाहीत!)

मोठेपणी वादन सुटतं ते जागेपायी. लोकलचे धक्के खाऊन घरी आल्यावर बिल्डिंगमध्ये ताशा कोण वाजवू देणार? मी रबरी प्रॅक्टिस पॅडवर भागवतो, शेजारच्या काकूंची मालिकाही सुखरूप राहते. पण एकट्याने पॅड बडवणं आणि चौघांत ठेका धरणं यात फरक आहेच. पथकं पाडवा, गणपतीच्या तोंडावर जागी होतात आणि सण संपला की पांगतात. रविवारी सकाळी शाळेचं पटांगण आणि ते कपाटातले ड्रम माजी विद्यार्थ्यांसाठी उघडायला काय हरकत आहे? लेखकाने यावर लिहायला हवं होतं.