एकतीस पिल्लांचा बाप

घरात पिल्लावळ नको म्हणून मी टाकीसाठी मुद्दाम गप्पी माशाच्या दोन माद्याच आणल्या. नरच नाही तर भानगड कसली, असा माझा हिशेब. पण गप्पीची मादी एकदा नराला भेटली की त्याचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवते आणि साधारण महिन्याला एक वेत काढत राहते. ही माहिती मला कळली तेव्हा पहिलं वेत टाकीत पोहत होतं. म्हणजे तीन पिल्लं पोहत होती. बाकीची आईच्या पोटात परत गेली होती, यावेळी तोंडाच्या वाटेनं.

"आईनं खाल्ली?" मुलीनं विचारलं. तिच्या आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच गिळली होती. उरलेली तीन संध्याकाळपर्यंत मावशीनं संपवली.

पुढच्या खेपेला हयगय नाही, असं मी ठरवलं. कॅलेंडरवर अठ्ठावीस दिवस मोजून खूण केली. शेपटीच्या अलीकडे मादीच्या पोटावर एक काळपट डाग असतो, तो रोज भिंगातून बघायचो. दिवस भरत आले की डाग गडद होतो, त्यातून पिल्लांचे डोळे टिपक्यांसारखे दिसतात आणि गोल पोट चौकोनी वाटायला लागतं. चौकोनी दिसल्याबरोबर मी तिला बाळंतपणाच्या जाळीत हलवलं. ती घाई झाली. जागा बदलली की या बाईसाहेब बिथरतात आणि कळा रोखून धरतात. चार दिवस ती कोपऱ्यात तोंड घालून फुरंगटून बसली, आणि मी बाहेर खुर्ची टाकून.

"अहो, माझ्या वेळी झोपला होतात की तुम्ही!" मागून आवाज आला. यावर उत्तर नव्हतं.

पाचव्या रात्री दोन वाजता पहिलं पिल्लू आलं. घडी घातलेल्या चिमुकल्या गोळीसारखं खाली पडलं, तळाशी क्षणभर तसंच राहिलं, मग ताठ झालं आणि सुसाट सुटलं. जेमतेम सहा-सात मिलिमीटर लांबी, त्यात निम्मे डोळेच. पहाटेपर्यंत एकतीस झाली. निदान एका मोजणीत. दुसऱ्या मोजणीत अठ्ठावीस आणि तिसऱ्या मोजणीत चौतीस.

खरा छळ त्यानंतर. यांना दिवसातून चार-पाच वेळा चिमूट चिमूट खायला लागतं. उकडलेल्या अंड्याचा बलक सुईच्या टोकाएवढा घालायचा असतो; मी चमच्याच्या टोकाएवढा घातला आणि टाकीचं ताक झालं. मग आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवाची, अंडी आणली. उलट्या बाटलीत मिठाचं पाणी, खालून हवेचे बुडबुडे, की चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी ठिपके वळवळायला लागतात. म्हणजे पिल्लांना जगवण्यासाठी मी आणखी पिल्लं जन्माला घालत होतो. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधला. पाणी बदलताना नळीतून कोणी बादलीत गेलं नाही ना, हे टॉर्च लावून बघायचं. एकदा बघितलं नाही. त्याबद्दल नको बोलायला.

या माशाचं बारसंसुद्धा गोंधळाचंच. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पीटर्स यांनी १८५९ मध्येच त्याची नोंद केली होती, तरी १८६६ मध्ये त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांचं नाव त्याला नव्यानं दिलं गेलं, आणि तोंडात तेच बसलं. आमच्या एकतिसांना मुलीनं नावं ठेवली. सगळी सारखीच दिसत असल्यानं ती रोज बदलत.

चौथ्या आठवड्यात नर-मादी ओळखू यायला लागले. लगेच वेगळे केले नाहीत तर दोन-तीन महिन्यांत आपण आजोबा. आता घरात तीन टाक्या आहेत. "मासे हवेत का?" म्हटलं की परिचित लोक घड्याळ बघतात.

परवा मोठ्या टाकीतला जावा मॉस या पाणवनस्पतीचा गुंता उचलला. आतून एक पिल्लू बाहेर आलं. नक्की त्याच रात्रीचं; बहुधा जाळीच्या फटीतून निसटलेलं. ना बलक, ना आर्टेमिया, ना कोणाची देखरेख. आई आणि मावशी दोघींच्या नाकासमोर वाढलेलं. माझ्या एकतिसांतल्या सगळ्यात धष्टपुष्ट पिल्लाच्या दीडपट होतं.

मॉस मी हळूच होता तिथे ठेवला आणि घरात कोणाला काही सांगितलं नाही.