श्लेस्विगची सीमा आणि आपलं बेळगाव

सीमाप्रश्नावर आपल्याकडे जे बोललं जातं ते एकाच गोष्टीभोवती फिरतं: रेघ कुठे असावी. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, ८६५ गावांची यादी आहे, दर १ नोव्हेंबरला बेळगावात काळा दिवस पाळला जातो. पण निकाल लागेपर्यंत तिथल्या मराठी माणसाला काय मिळणार, हा प्रश्न आपण जवळजवळ सोडूनच दिलाय, असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटतं. गेल्या उन्हाळ्यात हॅम्बुर्गहून मित्रांबरोबर डेन्मार्कच्या सीमेवरची गावं एका दिवसात गाडीने पालथी घातली आणि हे मत पक्कं झालं. गाडीत एक जण बेळगावच्या टिळकवाडीचा, एक धारवाडचा आणि मी कोल्हापूरचा, त्यामुळे विषय निघायचा तो निघालाच.

पहिला थांबा फ्लेन्सबुर्ग. शहर जर्मनीत, पण इथे डॅनिश बालवाड्या आहेत, शाळा आहेत, मोठं ग्रंथालय आहे आणि १८६९ पासून निघणारं डॅनिश दैनिक आहे. सरकारी कचेरीत डॅनिशमधून अर्ज करता येतो. सीमेपलीकडे डेन्मार्कमध्ये जर्मन अल्पसंख्याकांच्याही स्वतःच्या शाळा आहेत.

हे सामंजस्य आपोआप आलेलं नाही. श्लेस्विग म्हणजे आजच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला हा प्रदेश. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने तो गमावला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, कोणत्या देशात राहायचं हे लोकांना मतदानातून विचारलं गेलं. उत्तर पट्ट्यात सुमारे ७५ टक्के मतं डेन्मार्कला पडली, फ्लेन्सबुर्गच्या पट्ट्यात सुमारे ८० टक्के जर्मनीला. असा कौल आपल्याकडे गोव्यात १९६७ मध्ये घेतला गेला. बेळगावकरांना तसं कधीच विचारलं नाही, आणि ही सल मला पूर्णपणे रास्त वाटते.

मात्र दुपारी आम्ही टॉन्डरला पोचलो तेव्हा कौलाची दुसरी बाजूही कळली. या टुमदार गावाने बहुमताने जर्मनीला मत दिलं होतं. उत्तर पट्ट्याची मतं एकत्र मोजायची असं आधीच ठरलेलं, म्हणून ते डेन्मार्कमध्ये गेलं. म्हणजे मतदान घेऊन आखलेल्या रेघेनेही कुणाची तरी इच्छा डावललीच. टिळकवाडीचा मित्र हे ऐकून बराच वेळ काही बोलला नाही.

खरा बदल झाला तो १९५५ मध्ये. पश्चिम जर्मनीला नाटोत यायचं होतं आणि डेन्मार्कने आपल्या माणसांचा प्रश्न तिथे मांडला. म्हणजे यात नुसतं औदार्य नव्हतं, रोखठोक राजकारण होतं. २९ मार्चला दोन्ही सरकारांनी आपापल्या हद्दीतल्या अल्पसंख्याकांबद्दल स्वतंत्र निवेदनं केली. कोण डॅनिश आणि कोण जर्मन, हे ज्याचं त्याने ठरवायचं, सरकारने ते तपासायचं नाही. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या विधिमंडळात जाण्यासाठी पक्षाला पाच टक्के मतं लागतात, ती अट डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला माफ झाली. २०२१ मध्ये त्यांचे स्टेफान झाइडलर थेट बर्लिनच्या संसदेत निवडून गेले. सीमा मात्र १९२० मध्ये होती तिथेच आहे.

आता आपल्याकडे पाहा. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ भाषेवरून एका बस कंडक्टरला मारहाण झाली, मग दोन्हीकडच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं आणि एसटी बंद. त्यात हाल झाले ते निपाणीच्या, चंदगडच्या प्रवाशांचे. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व आपल्या देशात कधीचंच मान्य झालेलं आहे. मराठीतला सातबारा मागणाऱ्या बेळगावच्या शेतकऱ्याला ते लागू व्हायला नको? आणि मग आपल्या जत-अक्कलकोटमधल्या कन्नड शाळांना पुरेसे कन्नड शिक्षक, तिथल्या लोकांना कन्नडमधून सूचना, हेही आपल्याला द्यायला हवं. मी तर म्हणेन, सुरुवात महाराष्ट्राने करावी. दावा मागे घ्यायची गरज नाही. खटला चालू राहू दे. जर्मनी आणि डेन्मार्कने तरी कुठे करार केला? प्रत्येकाने आपल्या हद्दीपुरतं बोलून टाकलं. मुंबई आणि बेंगळुरूला हे उद्याही करता येईल.

परतीच्या वाटेवर धारवाडचा मित्र म्हणाला, “कागदपत्रं, शाळा, सगळं मान्य. पण बेळगावी हे नाव आणि बेळगावातलं विधानसौध, यावर मी हटणार नाही.” टिळकवाडीचा म्हणाला, “मीही काळा दिवस सोडणार नाही. पण आईच्या घराचा उतारा मराठीत मिळाला, तर मी तुझ्या जतच्या शाळेसाठी मुंबईला पत्र लिहीन.” ते पत्र लिहायचं आम्ही नक्की केलंय, मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही सरकारांना.