मागच्या सीटवरचे गृहस्थ

गाडी मी घेणार, सही मी करणार, हप्ते माझ्या पगारातून जाणार. तरीही कोटेशनचा कागद सेल्समनने माझ्या खांद्यावरून हात लांबवून मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांच्या हातात अदबीने ठेवला, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. हे गृहस्थ माझे वडील नव्हेत, काका नव्हेत, सासरे तर नव्हेतच. त्यांची जुनी, छोटी गाडी त्याच इमारतीत सर्व्हिसिंगला आली होती आणि ती संध्याकाळपर्यंत मिळणार नसल्यामुळे त्यांच्यापाशी भरपूर वेळ होता.

माझी तयारी मात्र चोख होती. दोन प्रतिस्पर्धी एसयूव्ही निवडून मी त्यांचा तक्ता केला होता आणि तो करतानाच माझ्या लक्षात आले होते की या दोन कंपन्यांनी जणू संगनमत करून कोणताही आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळू नये अशी व्यवस्था केली आहे. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतचे अंतर, एकीने रिकाम्या गाडीचा दिला होता, दुसरीने माणसे आणि सामान भरलेल्या गाडीचा. डिकी एकीने मागच्या आडव्या ट्रेपर्यंत मोजली होती, दुसरीने थेट छतापर्यंत. सुरक्षेच्या ताऱ्यांचेही तसेच. गाड्या आदळवून त्यांना तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने १९९७ मध्ये पहिले निकाल जाहीर केले, त्यानंतर चाचण्यांचे नियम वेळोवेळी कडक होत गेले. त्यामुळे जुन्या नियमांखाली मिळालेले पाच तारे आणि नव्या नियमांखाली मिळालेले पाच तारे ही एकच गोष्ट नव्हे. शिवाय समोरून होणाऱ्या धडकेचा निकाल साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडून पाहायचा असतो. हे सारे मी सेल्समनला विचारणार होतो.

विचारले त्या गृहस्थांनी. मी तक्ता उघडत होतो, तेवढ्यात ते सोफ्यावरून उठून आले, बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाले, ‘‘अहो, ही बंद पडली तर ढकलायची कुठून?’’

‘‘काका, ही गाडी बंद पडत नाही,’’ सेल्समन म्हणाला.

‘‘मग एवढे मोठे सर्व्हिस सेंटर कशाला बांधलेत?’’

त्या क्षणापासून सेल्समनने मला सोडले. घरातला निर्णय घेणारा माणूस कोण, हे ओळखण्याचे या लोकांना बहुधा प्रशिक्षण देत असावेत, आणि पांढरे केस व कमरेमागे बांधलेले हात ही त्याची मुख्य लक्षणे असावीत. मी दोनदा सांगितले की आमचा काही संबंध नाही. सेल्समन समजूतदारपणे हसला. घरातले वाद बाहेर काढायचे नसतात, असा त्या हसण्याचा अर्थ होता.

मी डिकीच्या लिटरचा प्रश्न विचारला, तर त्याने उत्तर काकांकडे पाहून दिले. जर्मन पद्धतीत २०० मिलिमीटर लांब, १०० रुंद आणि ५० जाड असे ठोकळे डिकीत रचतात, एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर, आणि जितके ठोकळे मावतील तितके लिटर, असे त्याने पाठ म्हणून दाखवले. काका क्षणभर विचारात पडले. ‘‘ठोकळे घेऊन कोण प्रवासाला जातो? माणसे बॅगा नेतात.’’ मग त्यांनी डिकीचा तळ उचलला आणि स्टेपनी पाहून ते खरोखरच दुखावले, कारण ती बाकीच्या चार चाकांपेक्षा अरुंद होती आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेचे पिवळे लेबल होते. ‘‘एवढ्या आडदांड गाडीला हे एवढेसे?’’ ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘तुम्ही ही घेऊ नका.’’ सेल्समनचा चेहरा पडला. घरातून नकार आला होता.

टेस्ट ड्राइव्हला काका मागे बसले. त्यांना कोणी बोलावले नव्हते, पण दार मात्र सेल्समननेच उघडून धरले होते. मी गाडी चालवत होतो, सेल्समन माझ्या शेजारी पूर्ण उलटा वळून बसला होता, आणि इंजिनाचा टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो ही माहिती माझ्या कानावर जाता जाता पडत होती. काकांचे डोके छताला टेकत होते. हा दोष त्यांच्या उंचीचा नव्हता. पॅनोरॅमिक सनरूफची चौकट आणि पडदा यांना जागा लागते, आणि ती मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरूनच काढली जाते. ‘‘आकाश दिसावे म्हणून मान वाकवून बसायचे,’’ काका म्हणाले. मला हे वाक्य आवडले, याचा मला राग आला.

परत आल्यावर मी दुसऱ्या शोरूमकडे निघालो, तर काका माझ्या गाडीपाशी येऊन उभे. ‘‘तुलना अर्धी सोडू नये. माझी गाडी तशीही संध्याकाळी मिळणार आहे.’’ तिथेही तेच झाले. शोरूमचा रंग वेगळा, सेल्समन वेगळा, पण ‘काका’ म्हणण्यातला जिव्हाळा तोच, आणि कागदही गेला तो त्यांच्याच हाती.

गाड्यांचेही तसेच होते. टोयोटाने १९९४ मध्ये आरएव्ही४ आणि होंडाने १९९५ मध्ये सीआर-व्ही आणली, त्या दोन्ही ट्रकसारख्या शिडीच्या चासीवर न बांधता साध्या मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेल्या होत्या, आणि आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक एसयूव्ही त्याच वाटेने आल्या आहेत. फरक इतकाच की आता त्यांतल्या कित्येकींना पुढची दोनच चाके ओढतात, आणि तरीही जाहिरातीत त्या एकट्याच कड्याच्या टोकावर उभ्या असतात. काकांनी दुसऱ्या गाडीखाली वाकून पाहिले आणि सरळ होत विचारले, ‘‘मागची चाके फक्त सोबतीला आहेत का?’’ सेल्समन म्हणाला की फोर व्हील ड्राइव्ह टॉप मॉडेलमध्ये मिळते.

टॉप मॉडेल! खरा संताप इथे आहे आणि त्यात काकांचा काडीमात्र दोष नाही. दाखवायला उभी असते ती टॉप मॉडेलची गाडी, चालवायला देतात ती टॉप मॉडेलची, छापील पत्रकातले चित्र टॉप मॉडेलचे, आणि मला परवडते ती गाडी शोरूममध्ये अस्तित्वातच नसते. मला रात्री नीट उजेड पाडणारे दिवे आणि आपोआप लागणारा ब्रेक हवा होता. तो ब्रेक दोन्ही कंपन्यांनी सनरूफच्या गाठोड्यात बांधून ठेवला आहे. म्हणजे पुढच्या गाडीवर आदळायचे नसेल तर आधी छताला भोक पाडून घ्यायचे. ब्रेक आणि आकाश यांचा परस्परसंबंध काय, हे मी दोन्हीकडे विचारले. दोन्हीकडे एकच उत्तर मिळाले: ‘‘सर, लोकांना आवडते.’’

मी दोन्हीकडे विचार करून सांगतो म्हणालो. काकांनी दोन्ही कोटेशने घडी करून खिशात घातली आणि आपली जुनी गाडी घेऊन निघून गेले. त्यामुळे आता माझ्याकडे आकडेही नाहीत. काल एका कंपनीने संदेश पाठवून खरेदी का लांबली याचे कारण विचारले आहे. पर्याय तीन होते: किंमत, रंग, प्रतीक्षा कालावधी. सनरूफबद्दल लिहायला जागा नव्हती, काकांबद्दल तर नव्हतीच. मी चिडून ‘रंग’ निवडले. तासाभरात त्यांनी सगळ्या रंगांतल्या गाडीची चित्रे पाठवली. प्रत्येक गाडी टॉप मॉडेल आहे.