ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड ओतू नका

‘पूर ओसरला? घर एका दिवसात निर्जंतुक करा’ हा मेसेज पावसाळा आला की फिरायला लागतो. आता तो चिपळूणच्या मावशीकडे पोचला आणि तिने विचारलं, ‘ॲसिड किती घालू?’ म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘बादलीत ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड एकत्र करून गाळावर ओता.’ अजिबात नको! ॲसिड पडताक्षणी ब्लीचिंगमधून क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, त्यामुळे खालीच साचतो, आणि आपण तिथेच वाकून फरशी घासत असतो. 1915 साली, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जर्मन सैन्याने सोडला तो हाच वायू. आधी डोळे चुरचुरतात, ठसका लागतो. फुप्फुसात पाणी मात्र काही तासांनीही भरू शकतं. चुकून मिसळलंच तर बादली तिथेच सोडून बाहेर पळा आणि दवाखाना गाठा. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, असं अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी पूरसफाईच्या सूचनांत स्पष्ट सांगते.

शिवाय गाळावर ओतलेली पावडर फुकट जाते, कारण क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतो. आधी फावड्याने गाळ घमेल्यात भरून बाहेर काढा. मग साबणाच्या पाण्याने खराट्याने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा. त्यानंतर 10 लिटर पाण्यात 150 ग्रॅम ताजी पावडर ढवळा, वरची निवळी फरशीवर पसरा, 10 मिनिटांनी पुसून घ्या. खिडक्या उघड्या, हातात रबरी मोजे, पायात गमबूट. हे गमबूट लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) टाळायलाही हवेतच. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका.

‘गाळ ओला असतानाच काढा’ हे मात्र बरोबर आहे, मान्य करावं लागेल. वाळला की तो कोपऱ्यांत दगडासारखा बसतो.

‘मेन चालू करून छताचे पंखे लावा, घर लवकर वाळेल.’ पंखा कोरडा असेल, पण खालचा बोर्ड आणि भिंतीतला वायरिंगचा पाइप भिजलेला असतो, त्याचं काय? आणि घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद असूनही बोर्डात करंट असतो. इन्व्हर्टर काढणं वायरमनचं काम, तेही पाणी ओसरल्यावर. त्याने बोर्ड उघडून वाळवावेत, मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) वायरिंग तपासावं, मग एकेक एमसीबी (बोर्डातला सुरक्षा-स्विच) वर करावा. तोवर दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

‘भिजलेलं धान्य उन्हात वाळवून वापरा.’ पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं. टाकून द्या.

‘भिजलेलं सामान ताबडतोब फेका.’ थांबा! भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, फ्रिज-टीव्हीचे मॉडेल नंबर टिपा. गाद्या घराबाहेर काढा, पण तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत अंगणातच राहू द्या, आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी यादी वाचून घ्या.