एकही पान कापू नका: ‘बाल्कनीतल्या पक्ष्यांचे क्लिअर फोटो’ या फॉरवर्डला उत्तर

‘बाल्कनीतल्या पक्ष्यांचे क्लिअर फोटो: पाच हमखास युक्त्या’ असा एक मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवरून फिरतोय. फिरत फिरत तो माझ्या मामीकडे पोचला. तिच्या बोगनवेलीत जांभळ्या शिंजीराचं (सनबर्ड, बाकदार चोचीचा इवलासा पक्षी) घरटं आहे आणि तिने मला विचारलं, “किती पानं कापू?” म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिली युक्ती मेसेजमधल्याच शब्दांत: “घरट्यासमोरची पानं छाटा म्हणजे फ्रेम मोकळी मिळते. फक्त घरट्याला हात लावू नका, माणसाचा वास लागला की पक्षी घरटं सोडतो.”

एकही पान कापायचं नाही. शिंजीराचं घरटं म्हणजे बारीक फांदीला टांगलेली वीतभर थैली. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली, वर सालीचे तुकडे, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठा चिकटवलेली, खाली कचऱ्याची शेपटी लोंबणारी. बाजूला दार आणि दारावर इवलासा छज्जा. मादी आत बसली की तिची बाकदार चोच तेवढी बाहेर दिसते. लांबून बघणाऱ्याला ते जाळ्यात अडकलेलं कचऱ्याचं बोचकं वाटतं आणि याच वेषावर ते घरटं तगून असतं. समोरची पानं गेली की आत-बाहेर करणारी मादी कावळ्याला सरळ दिसते. भारद्वाज तर वेलींतून चालत चालत घरटी हुडकतो. अंडीही खातो, पिल्लंही.

शिवाय ऊन. नुकती बाहेर आलेली पिल्लं उघडी असतात आणि पहिले काही दिवस त्यांना अंगाची ऊब राखता येत नाही की उष्णता सोसता येत नाही. बुलबुलाचं घरटं म्हणजे वरून उघडी वाटी, तिच्यावर एप्रिलचं दुपारचं ऊन पडलं तर पिल्लं तासाभरातही मरू शकतात. आणि फांदीचं वजन कुणी लक्षातच घेत नाही. पानांच्या भाराने वाकलेली फांदी छाटली की वर उसळते, घरटं कलतं आणि उथळ वाटीतलं अंडं गडगडतं. पानं शिवून घरटं करणाऱ्या शिंपी पक्ष्याच्या बाबतीत तर पान हीच घरट्याची भिंत. “कापायचं नसेल तर दोऱ्याने बाजूला बांधा” असं कुणीतरी खाली जोडलंय. मुरगळलेला देठ काही तासांत मान टाकतो. सावली जायची ती जातेच.

वासाचं म्हणाल तर बागेतले हे पक्षी घरटं सोडतात ते वासामुळे नाही, वर्दळीमुळे. बांधकाम चालू असताना आणि अंडी घालण्याच्या दिवसांत सगळ्यात लवकर. हात लावू नका हे बरोबरच आहे, पण कारण चुकीचं सांगितल्यामुळे लोक हात न लावता रोज अर्धा तास घरट्यासमोर उभे राहतात आणि आपण काळजी घेतली असं समजतात.

हा नुसता भूतदयेचा प्रश्नही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधलं कलम २(१६) वाचा. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं येतं. वेल कुणाच्या कुंडीत आहे, याचा त्या व्याख्येशी संबंध नाही.

मुळात लांब लेन्स घ्यायची ती लांब राहण्यासाठी. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ६०० एमएमची लेन्स लावून पाच मीटरवर फोकस केला तर चौकटीत साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा येतो. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ४०० एमएमनेही जवळजवळ तेवढाच. वीस सेंटिमीटरचा बुलबुल त्यात छान बसतो. मग पानं कापून जवळ जायचं कशाला?

दुसरी युक्ती, मोबाइलवर कॉल वाजवून पक्षी बोलावण्याची. येतो, नाही म्हणत नाही. विणीच्या दिवसांत दयाळ नर आवाज ऐकून दोन मिनिटांत समोर येतो, कारण आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं त्याला वाटतं. तो नसलेल्या शत्रूला शोधत राहतो आणि तेवढा वेळ पिल्लांचं खाणं राहतं. वाजवू नका.

तिसरी: “६००ची लेन्स घ्या आणि खोलीत बसून बंद काचेतून टिपा.” खोलीत बसणं उत्तम, घरासारखी दुसरी लपण नाही. पण खिडकीची काच लेन्ससाठी बनवलेली नसते. तिरकं धरलं की पिसांचे काठ विरघळल्यासारखे दिसतात. स्लायडिंग आणि डासांची जाळी वीतभर सरकवा, पडदा ओढा, लेन्स पडद्याच्या आत ठेवा. एसी अर्धा तास आधी बंद करा, नाहीतर गार आणि गरम हवा खिडकीतच मिसळते, फोटो थरथरीत येतो आणि दोष फोकसवर जातो. विकत घेण्याआधी लेन्स किती जवळचं फोकस करते ते बघा. निकॉनची २००-५०० किंवा सोनीची २००-६०० सव्वादोन-अडीच मीटरपर्यंत येते. कॅननच्या आरएफ ६०० एफ/११ ला साडेचार मीटर लागतात. दोन मीटरवरच्या कठड्यावर बसलेला पक्षी तिच्यात फोकसच होणार नाही.

चौथी, “६००ला १/६०० शटर पुरे,” म्हणजे ६०० एमएमच्या लेन्सला सेकंदाच्या सहाशेव्या भागाइतका शटरचा वेग पुरे, ही अर्धी खरी. तो हिशोब आपल्या हाताच्या थरथरीचा आहे, आणि क्रॉप सेन्सरवर तोही १/९०० होतो. शिंजीराची मान सतत झटके देते, तिला १/१००० च्या वर लागतं. स्थिर बुलबुलाला १/५०० चालेल. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १६००-३२०० ला घाबरू नका, त्याने फोटोत येणारे दाणे नंतर काढता येतात, हललेला डोळा नीट करता येत नाही. पाच मीटरवर ६०० एमएम आणि एफ/६.३ ला (लेन्सचं छिद्र एवढं उघडं असताना) फोकसची जाडी, म्हणजे पुढून मागे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढा भाग, जेमतेम अडीच सेंटिमीटर असते, तेव्हा फोकस डोळ्यावरच हवा.

पाचवी, ब्रेड-बिस्किटं ठेवण्याची. नको. मातीच्या पसरट भांड्यात तीन-चार सेंटिमीटर पाणी ठेवा, मधे एक खडबडीत दगड, रोज घासून नवं पाणी. भांड्यापासून अर्ध्या मीटरवर एक वाळकी फांदी रोवा. पक्षी आधी तिथे टेकतो, फोटो तिथला घ्या. मागे चार-पाच मीटर मोकळं असलं तर पार्श्वभूमी आपोआप मऊ येते. हे सगळं घरट्यापासून दूरच्या टोकाला मांडा. मामी, चोचीत अळी घेऊन मादी तारेवरच बसून राहिली, चिकचिक करतेय आणि घरट्याकडे जात नाही असं दिसलं, तर ती तू जायची वाट बघतेय. कॅमेरा घेऊन आत जा.